पार्श्वभूमी : मकिंगची दफनभूमी छापून यायला ३१ वर्षे

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात थेम्सच्या मुखाजवळ मकिंग नावाचं छोटं गाव आहे. तिथलं उत्खनन १९७८ मध्ये थांबलं, आणि तिथल्या अँग्लो-सॅक्सन (रोमन सत्ता संपल्यावर जर्मनीकडून इंग्लंडमध्ये आलेल्या लोकांच्या) दफनभूमींचा सविस्तर अहवाल आला २००९ मध्ये. खोदायला १३ वर्षं लागली होती. छापायला त्याच्या दुपटीहून जास्त.

सुरुवात आकाशातून झाली. केंब्रिज विद्यापीठाचे केनेथ सेंट जोसेफ विमानातून फोटो काढत हिंडायचे. कोरड्या उन्हाळ्यात, बुजलेल्या खंदकांवरचं पीक आजूबाजूच्या पिकापेक्षा जास्त दिवस हिरवं राहतं. १९५९ मध्ये त्यांनी टिपलेल्या मकिंगच्या शेतांत अशा रेषांचं जाळंच दिसलं. पण त्याच जमिनीखाली रेती-खडीचा थर होता आणि खाण पुढे सरकत होती. १९६५ मध्ये मार्गारेट जोन्स यांनी पती टॉम यांच्यासह काम सुरू केलं, ते खाणीशी शर्यत लावूनच. आज खणलं नाही तर उद्या खड्डाच उरणार, असा तो मामला. इंग्रजांकडे याला बचाव उत्खनन म्हणतात.

सुमारे १८ हेक्टर जमीन उघडली गेली. नवाश्मयुगापासूनचे अवशेष निघाले; कांस्ययुगातली गोलाकार तटबंदी आणि रोमन काळातली वस्तीही निघाली. पण नाव झालं ते सॅक्सन वस्तीमुळे. इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून निदान सातव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लोक इथे राहत होते. जमिनीत खळगा करून वर छप्पर घातलेल्या २०३ झोपड्यांचे अवशेष मिळाले, शिवाय लाकडी खांबांवर उभ्या ५३ घरांचे. शेजारी दोन दफनभूमी. एक खाणीने आधीच कुरतडलेली, तिथे साठेक पुरलेली माणसं. दुसरीत २८२ पुरलेली आणि ४६३ जाळलेली. आम्लधर्मी मातीने हाडं खाऊन टाकली होती. कित्येक थडग्यांत माणसाच्या जागी मातीत उमटलेली काळपट आकृती तेवढी उरली होती. कुंचल्याचा एक फटकारा जास्त पडला की तीही गेली. अशा ठिकाणी टिपण आणि फोटो हाच खरा पुरावा, मग तो तीस वर्षं खोक्यांत पडून राहणं किती महाग पडतं ते पाहा.

उशीर का झाला? आळस हे कारण नव्हतं. खाण अंगावर येते म्हणून सरकारी पैसा खोदण्याला मिळायचा. नंतर मडकी जोडणं, आराखडे जुळवणं, लिहिणं यासाठी हात आखडायचा. शिवाय जोन्स दांपत्याने निवड करून खणलं नाही, दिसेल ते सगळं खणलं. त्यामुळे साहित्याचा डोंगर झाला. माझ्या मते त्यांचं चुकलं नाही. वस्ती आणि तिची दफनभूमी इतक्या प्रमाणावर एकत्र हाती लागणं ब्रिटनमध्ये तोवर जवळपास घडलंच नव्हतं. पण असा डोंगर एका जोडप्याने उपसावा ही अपेक्षाच वेडेपणाची होती.

दरम्यान अभ्यासक थांबले नाहीत. एका थडग्यातल्या नक्षीदार पट्ट्याच्या सामानावरून, इथले पहिले सॅक्सन म्हणजे रोमनांनी थेम्सच्या रक्षणाला बसवलेले जर्मन शिपाई असावेत, असा तर्क झाला. तो वर्षानुवर्षं चर्चेत राहिला, आणि त्या सबंध काळात आजूबाजूच्या थडग्यांची पूर्ण यादी छापलेली नव्हती! हातात होते ते मधल्या काळातले त्रोटक अहवाल.

१९९३ मध्ये उत्खननाचा नकाशासंग्रह आणि हेलेना हॅमेरो यांचा वस्तीवरचा खंड आला. सगळ्या झोपड्या एकाच वेळी उभ्या नव्हत्या, पिढ्यांमागून पिढ्या वस्ती टेकाडावर सरकत गेली, असं त्यांनी मांडलं. इतकी घरं म्हणजे मोठं गाव, ही समजूत त्याने ढासळली. मार्गारेट जोन्स २००१ मध्ये वारल्या. स्यू हर्स्ट आणि डायडो क्लार्क यांचा दफनभूमींवरचा २००९ चा खंड मार्गारेटना बघायला मिळाला नाही. प्रागैतिहासिक अवशेषांचा खंड २०१५ मध्ये आला, रोमन काळाचा २०१६ मध्ये.