दम लागायच्या अलीकडची गोडी

शाळेत पीटीचा तास आला की माझ्या पोटात गोळा यायचा. मैदानाला ३ चकरा, सगळ्यांनी एकाच वेगाने, मागे राहिलं की अजून एक. दुसऱ्या चकरेलाच छातीत जळजळ, तोंडात रक्तासारखी चव, आणि तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं की खेळ हा आपला प्रांत नाही. ते जवळजवळ ४० वर्षं तसंच राहिलं. मग ५१ व्या वर्षी एका मैत्रिणीने हाताला धरून बॅडमिंटनला नेलं, आणि आता अलार्म वाजायच्या आधीच मला जाग येते. हे झालं कसं हे कळावं म्हणून वाचायला लागले आणि वाचतच गेले.

सगळ्यात आधी भेटलं ते एक्केकाकिस नावाच्या संशोधकाचं काम. व्यायामाने बरं वाटतं हे पूर्वी कसं मोजायचे, तर सुरू करायच्या आधी विचारायचे आणि संपल्यावर विचारायचे. यांनी व्यायाम चालू असतानाच मधेमधे विचारलं, आत्ता कसं वाटतंय, उणे ५ ते अधिक ५ मधला आकडा सांगा. हलक्या वेगात बऱ्याच जणांना छान वाटत होतं, पण श्वास एकदम जोरात व्हायला लागतो त्या टप्प्याच्या वर गेलं की जवळजवळ सगळ्यांचाच आकडा घसरायला लागला. आणि थांबल्यावर थोड्याच वेळात परत वर! म्हणजे आधी आणि नंतर विचारलं तर मधला खड्डा दिसणारच नाही.

या टप्प्याला व्हेंटिलेटरी थ्रेशोल्ड म्हणतात. मेहनत वाढली की स्नायूंमध्ये आम्ल वाढतं, रक्तातलं बायकार्बोनेट ते आवरायला जातं, त्यातून जादाचा कार्बन डायऑक्साईड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला श्वास धावायला लागतो. मुद्दा असा की ही रेषा प्रत्येकाची वेगळी असते आणि सवय नसलेल्या माणसाची खूप खाली असते, म्हणजे ज्या वेगात एक मुलगी मजेत पळत असते त्याच वेगात तिच्या शेजारची गुदमरत असते. मला खेळ आवडत नव्हता असं नाही, मला माझ्या रेषेच्या वर पळवत होते. हे वाचलं तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं. रेषा ओळखायला मशीन लागत नाही, पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतंय म्हणजे आपण साधारण तिच्या खाली आहोत.

२०१६ मध्ये अजून एक छान प्रयोग झाला, आधी जोर आणि मग हळूहळू सोपं करत नेलेला व्यायाम लोकांच्या आठवणीत जास्त आनंदाचा राहिला. आपण बरोबर उलटं करतो, शेवटी जीव काढतो.

बरं, मन लागलं पण शरीर ऐकेल का या वयात? मला पहिल्या आठवड्यात खुर्चीवरून हाताचा आधार न घेता लागोपाठ ८ वेळा उठता येत होतं, नवव्याला मांड्या थरथरायच्या. चौथ्या आठवड्यात १५. मांडी मात्र टेपने मोजली तर तेवढीच. कारण सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जातंतूंची असते, मेंदू जास्त स्नायूतंतूंना एकदम कामाला लावायला शिकतो, स्नायू भरणं त्यानंतरचं. १९९० साली मारिया फियाटारोन यांच्या टीमने वृद्धांची देखभाल करणाऱ्या नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना ८ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम दिले, ९ जणांनी पूर्ण केले, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली आणि मांडीचा स्नायू साधारण ९ टक्के. या दोन आकड्यांमधलं अंतर बघा, त्यात बराचसा वाटा मज्जातंतूंच्या शिकण्याचा आहे.

हृदयाचं गणित थोडं वेगळं. ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या लोकांनी २ वर्षं आठवड्याला ४-५ दिवस व्यायाम केला तर ऑक्सिजन वापरायची क्षमता १८ टक्के वाढली आणि हृदयाचा ताठरपणाही कमी झाला, हे २०१८ मध्ये छापून आलं. सत्तरीच्या आसपास सुरू करणाऱ्यांची क्षमता वर्षभरात वाढली, ताठरपणा मात्र हलला नाही. म्हणून माझ्या मते पन्नाशी ही उशिराची वेळ नाहीच, हृदयासाठी तर अगदी मोक्याची आहे.

एक गोष्ट मात्र मला महागात पडली. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, महिने लागतात, कारण तिथे रक्तपुरवठा कमी. तिसऱ्या महिन्यात जोशात रोज खेळायला लागले आणि टाचेच्या वरची अकिलीस टेंडन दुखावली, ६ आठवडे बंद. ताकद आली म्हणून सगळं शरीर तयार झालं असं नसतं. आणि छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर.

फ्रान्सचे रोबेर मार्शां यांचं उदाहरण तर मी सगळ्यांना सांगते. ते ६७ व्या वर्षी परत सायकलिंगकडे वळले. १०१ व्या वर्षी त्यांनी तासाभरात २४.२५ किलोमीटर कापले आणि दोन वर्षांनी २६.९२! म्हणजे शंभरीनंतर वेग वाढला, ऑक्सिजन वापरायची क्षमताही साधारण १३ टक्क्यांनी वाढलेली. त्यांचं ट्रेनिंग बघितलं तर ८० टक्के अंतर हलकं आणि फक्त २० टक्के जोराचं.

मी आणि माझी मैत्रीण आता २०१६ च्या त्या प्रयोगासारखंच करतो, आधी दोन गेम जोरात आणि मग शेवटची १० मिनिटं पॉइंट न मोजता नुसती रॅली. काल ती रॅली ३१ फटक्यांपर्यंत गेली, आणि मैत्रिणीच्या मुलीच्या परीक्षेची अख्खी गोष्ट मी त्यातच ऐकली, मधे एकदाही न थांबता.