रोहित्राचे वय कशात मोजायचे?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडकडे पाणबुड्या हुडकणारी लिबरेटर विमाने होती आणि उड्डाणाचे ५० तास भरले की प्रत्येक विमानाची सक्तीची तपासणी होत असे. विमाने समुद्रावर कमी आणि हँगरमध्ये जास्त का दिसतात, हे शोधण्याचे काम शास्त्रज्ञांच्या एका गटाकडे आले. त्यात सी. एच. वॉडिंग्टन हे जीवशास्त्रज्ञ होते. त्यांनी दुरुस्तीच्या नोंदी तपासणीच्या तारखांशी जुळवून पाहिल्या, तेव्हा उलटेच चित्र समोर आले. अचानक उद्भवणाऱ्या दुरुस्त्या तपासणीनंतर लगेच सर्वाधिक होत्या, पुढे त्या कमी होत गेल्या आणि पुढची तपासणी जवळ येईपर्यंत अगदी थोड्या उरल्या. सुरळीत चालणारे भाग खोलून पुन्हा बसवण्यातूनच बरेच बिघाड जन्माला येत होते. तपासण्यांमधले अंतर वाढवून अनावश्यक कामे वगळल्यावर उड्डाणाचे तास लक्षणीयरीत्या वाढले.

यंत्र जितके जुने तितके ते बिघडण्याची शक्यता जास्त, म्हणून ठरावीक मुदतीनंतर ते खोलून नवे करावे, ही समजूत इतकी स्वाभाविक वाटते की ती तपासून पाहण्याचे कोणाच्या फारसे मनात येत नाही. ती काटेकोरपणे तपासली नागरी विमान कंपन्यांनी. युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नौलन आणि हॉवर्ड हीप ह्यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी १९७८ मध्ये लिहिलेल्या अहवालानुसार, अभ्यासलेल्या विमान-भागांपैकी सुमारे ११ टक्के भागांतच वय आणि बिघाड ह्यांचा उपयोगी पडेल असा संबंध दिसला. उरलेल्या ८९ टक्क्यांत तो नव्हता. त्यातही एकूण भागांपैकी ६८ टक्के भाग असे होते की नवे बसवल्यावर सुरुवातीलाच त्यांची बिघडण्याची शक्यता सर्वाधिक असे आणि पुढे ती खाली येऊन स्थिर राही. अशा भागाला मुदत संपली म्हणून बदलणे म्हणजे धोक्याचा काळ पैसे मोजून पुन्हा सुरू करणे होय. ह्या विचारसरणीचा परिणाम आकड्यांत दिसतो. डीसी-८ विमानाच्या मूळ कार्यक्रमात ३३९ भागांना मुदतबंद ओव्हरहॉल लावलेला होता, तर त्यानंतरच्या डीसी-१० मध्ये अशा भागांची संख्या ७ वर आली. सुरक्षितता कमी झाली नाही.

ह्याचा अर्थ देखभाल करू नये असा नाही, जरी खर्चकपातीच्या बैठकांत तो तसा सोयीस्करपणे काढला जात असला, तरी. अर्थ एवढाच, की ‘हे यंत्र किती जुने आहे’ ह्या प्रश्नाआधी ‘ह्यातला कोणता भाग कोणत्या रीतीने निकामी होतो, आणि तसा झाला तर काय ओढवते’ हा प्रश्न विचारावा लागतो. जो भाग खरोखर झिजत जातो तो मुदतीने बदलावा, जो बिघडण्याआधी खूण दाखवतो त्याची ती खूण पाहत राहावी, जो एरवी निष्क्रिय असतो आणि संकटातच कामाला येतो त्याची अधूनमधून चाचणी घ्यावी, आणि ज्याच्या बंद पडण्याने फारसे काही अडत नाही तो खुशाल बंद पडू द्यावा. हे सारे एकाच यंत्रात कसे एकत्र नांदते हे पाहायचे असेल, तर विजेच्या उपकेंद्रातील मोठे रोहित्र, म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मर, ह्याच्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

रोहित्राच्या टाकीत पोलादी पत्र्यांचा गाभा असतो, त्याभोवती तांब्याची वेटोळी असतात, वेटोळ्यांच्या तारेवर कागद गुंडाळलेला असतो आणि हे सगळे खनिज तेलात बुडालेले असते. तांबे आणि पोलाद ह्यांना काळ फारसा शिवत नाही. तेल गाळता येते, सुधारता येते, वेळ पडली तर पूर्ण बदलता येते. कागद मात्र वेटोळी उकलल्याशिवाय बदलता येत नाही आणि वेटोळी उकलणे म्हणजे जवळजवळ नवे रोहित्र बांधणे. म्हणून रोहित्राचे खरे आयुष्य हे त्या कागदाचे आयुष्य असते.

कागद म्हणजे सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या एककांची लांबलचक साखळी. नव्या कागदाच्या एका साखळीत सरासरी १,००० ते १,२०० एकके असतात. उष्णता, पाणी, आम्ले आणि प्राणवायू ह्यांमुळे ह्या साखळ्या तुटत जातात आणि सरासरी लांबी २०० एककांपर्यंत आली की कागदाचे आयुष्य संपले असे मानतात. जुन्या पोथीचे पान जसे दुमडताच तुटते, तसा तो ठिसूळ होतो. रसायनही बव्हंशी तेच आहे. गंमत अशी, की ह्या अवस्थेतही त्याची विद्युतरोधनाची क्षमता बरीच शाबूत असते. त्यामुळे रोहित्र पुढेही वर्षानुवर्षे चालू शकते, पण बाहेरच्या वाहिनीवर एखादे जोरदार शॉर्टसर्किट झाले, त्या प्रचंड प्रवाहाने वेटोळ्यांना यांत्रिक हिसका बसला आणि कागद फाटला, की आतच शॉर्टसर्किट होते. शवविच्छेदनात दोष त्या दिवसाच्या शॉर्टसर्किटचा दिसतो, कारण मात्र कित्येक वर्षे आधीपासून साचत आलेले असते.

कागद किती वेगाने म्हातारा होतो ह्याचा पहिला व्यवहार्य नियम जनरल इलेक्ट्रिकच्या व्ही. एम. माँटसिंजर ह्यांनी १९३० मध्ये मांडला. त्यांच्या मते तापमान दर ८ अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. आंतरराष्ट्रीय मानकात साध्या कागदासाठी आज ६ अंश धरतात आणि वेटोळ्यातील सर्वांत तप्त जागा ९८ अंश सेल्सिअसला असताना जो वेग असतो तो १ मानतात. ती जागा १०४ अंशांवर गेली तर वेग दुप्पट, ११० वर चौपट, आणि ९२ वर ठेवली तर निम्मा. मूळ गणित वार्षिक सरासरी २० अंशांच्या हवेचे आहे. आपल्या विदर्भासारख्या प्रदेशात हवाच सरासरी काही अंश अधिक तापलेली असते. तेच रोहित्र तोच भार वाहत १० अंश जास्त गरम राहिले, तर त्याचा कागद तिपटीहून किंचित अधिक वेगाने झिजेल. म्हणूनच भारतीय खरेदीच्या अटींत तापमानवाढीची मर्यादा आधीच कमी धरलेली असते.

दुसरीकडे, उपकेंद्रात सहसा एकाला दुसरे जोडीदार असते आणि एक बंद पडले तरी दुसऱ्याने सगळा भार पेलावा अशी रचना असते. त्यामुळे रोजच्या व्यवहारात प्रत्येकाकडे निम्मा किंवा त्याहून कमी भार असतो. तांब्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे निम्म्या भाराला ती चौथाईच राहते. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेल्या दोन रोहित्रांपैकी एक ४० वर्षांनी थकलेले आणि दुसरे जवळजवळ तरुण असू शकते, ते ह्यामुळे. जन्मसालाच्या यादीवरून बदलीचा कार्यक्रम आखला, तर एखादे चांगले यंत्र भंगारात जाईल आणि एखादे आजारी यंत्र सेवेत राहील.

पाणी हा कागदाचा दुसरा वैरी, आणि जास्त कावेबाज. कागद कुजताना स्वतःच पाणी तयार करतो आणि ते पाणी त्याच्या कुजण्याचा वेग वाढवते. शिवाय तेल गरम-गार होताना टाकी श्वास घेते. ती हवा कोरडी व्हावी म्हणून ब्रीदरमध्ये, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटेवरील डब्यात, सिलिका जेल हे ओलावा शोषणारे दाणे भरतात. निळ्याचे गुलाबी झाले की ते बदलायचे, हे काम उपकेंद्रातील सर्वांत स्वस्त काम असेल आणि बहुधा म्हणूनच सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. तेलाचे फिल्ट्रेशन केले की चाचणीत पाणी एकदम कमी दिसते आणि सगळे समाधानाने सही करतात. पण टाकीतल्या पाण्याचा जवळजवळ सगळा साठा तेलात नसून कागदात असतो. काही आठवड्यांत तो तेलात पुन्हा उतरतो आणि आकडा होता तिथे येतो. कागद खरोखर वाळवायचा तर दीर्घकाळ, संथपणे, उष्णता आणि निर्वात ह्यांच्या साहाय्याने वाळवावा लागतो.

आतले न उघडता आतले कसे कळावे, ह्याचे उत्तर तेलच देते. तेल किंवा कागद जिथे भाजतो तिथे विशिष्ट वायू तयार होऊन तेलात विरघळतात. मंद विद्युत-विसर्ग असेल तर मुख्यतः हायड्रोजन, तेल फार तापले तर एथिलीन, ठिणगी उडाली किंवा विजेचा कंस (आर्क) पेटला तर ॲसिटिलीन, कागद तापला तर कार्बन मोनॉक्साइड. कॅनडातील हायड्रो-क्वेबेकचे मिशेल ड्युव्हल ह्यांनी १९७० च्या दशकात मिथेन, एथिलीन आणि ॲसिटिलीन ह्यांच्या परस्पर प्रमाणावरून दोष ओळखणारा त्रिकोण तयार केला, तो आजही जगभर वापरला जातो. कागदाच्या तुटण्यातून फ्युरान गटातील संयुगे तेलात येतात. त्यांवरून कागदाच्या साखळीची लांबी अंदाजाने काढता येते, मात्र मधल्या काळात तेल गाळले असेल तर हा पुरावा धुऊन गेलेला असतो.

खूण दिसणे आणि बिघाड होणे ह्यांमध्ये किती काळ जातो, ह्यावर तपासणीचे अंतर ठरले पाहिजे. तापलेल्या सांध्याचा वायू वाढायला कित्येक महिने लागत असतील तर वर्षातून दोनदा नमुना घेणे पुरेसे ठरेल. काही दिवसांतच हाताबाहेर जाणाऱ्या दोषासाठी सहा महिन्यांचा नमुना निरुपयोगी आहे आणि तिथे सतत वायू मोजणारे उपकरण बसवणेच योग्य. साधारण नियम असा, की तपासणीचे अंतर ह्या इशारा-काळाच्या निम्म्याहून कमी असावे, म्हणजे खूण सापडल्यावर काही करायलाही वेळ उरतो.

ते करणेच राहून गेले तर काय होते, हे लंडनने २०२५ मध्ये अनुभवले. २० मार्चच्या रात्री पश्चिम लंडनमधील नॉर्थ हाइड उपकेंद्रात एका मोठ्या रोहित्राने पेट घेतला आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद राहिला. जुलैमध्ये ब्रिटनच्या नॅशनल एनर्जी सिस्टीम ऑपरेटरने अंतिम अहवाल दिला. उच्चदाबाच्या एका बुशिंगमध्ये, म्हणजे टाकीतून तार बाहेर आणणाऱ्या रोधकात, पाणी शिरले हे आगीचे सर्वांत संभाव्य कारण असल्याचे त्यात म्हटले आहे. त्याच रोहित्राच्या बुशिंगमधील तेलाच्या नमुन्यात वाढलेली आर्द्रता जुलै २०१८ मध्येच नोंदली गेली होती आणि तिच्या गांभीर्याला साजेशी कारवाई झाली नव्हती, हेही तिथे नमूद आहे. खूण मिळाली होती, ती कागदावर होती. पण कोणता आकडा आला की कोणी, किती दिवसांत, काय करायचे, हे आपोआप घडवून आणणारी साखळी तुटलेली होती. माझ्या मते देखभालीच्या आराखड्यातील सर्वांत महत्त्वाचा रकाना हाच आहे, आणि बहुतेक आराखड्यांत तोच रिकामा सापडतो.

बुशिंगचे उदाहरण आणखी एका अर्थाने बोलके आहे. कागद कितीही उत्तम असला तरी रोहित्राचा घात अनेकदा बदलता येणारे सुटे भागच करतात. बुशिंगची आणि भार चालू असताना दाब बदलणाऱ्या टॅप चेंजरची स्वतंत्र आयुष्ये असतात. टॅप चेंजरचे संपर्क प्रत्येक क्रियेत झिजतात, त्यामुळे त्याचे वय वर्षांत न मोजता क्रियांत मोजावे लागते. वारा आणि उन्हाच्या लहरीवर चालणारे प्रकल्प जिथे जोडलेले आहेत, तिथे ह्या क्रिया झपाट्याने वाढू शकतात. म्हणून ५० वर्षांच्या आयुर्मान आराखड्यात बुशिंग एकदा बदलणे, टॅप चेंजरची क्रियामोजणीनुसार दुरुस्ती, मध्यावर एकदा कागद वाळवणे आणि गळक्या जोडांच्या गॅस्केटची बदली, हे सगळे आधीच किमतीसह मांडलेले असते. त्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न उरतो: आणखी एक वर्ष चालवण्याचा खर्च, त्यात बिघाडाची शक्यता गुणिले बिघाडाचा फटका, हे मिळून नव्या यंत्राच्या वार्षिक खर्चाहून जास्त झाले का? त्या फटक्यात अंधारात गेलेल्या कारखान्यांचे आणि रुग्णालयांचे नुकसान धरले नाही, तर उत्तर नेहमीच ‘अजून एक वर्ष चालेल’ असे येते.

गावाच्या शिवारात दोन खांबांवर बसवलेल्या १०० केव्हीएच्या रोहित्राला हा सगळा थाट परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. तिथे बिघडेपर्यंत चालवणे हे शहाणपणाचे धोरण आहे, पण त्याची एक अट आहे: तालुक्याच्या भांडारात तयार रोहित्रे आणि ती पोहोचवणारे वाहन हवे. ती नसतील तर त्याला धोरण म्हणता येत नाही. ऐन रब्बीत शेतकऱ्यांनी वर्गणी काढून ट्रॅक्टरवरून रोहित्र आणणे हा त्या रिकाम्या भांडाराचाच खर्च आहे, फक्त तो दुसऱ्याच्या वहीत लिहिला जातो.

मोठ्या रोहित्रांच्या बाबतीत भांडाराचे गणित जास्त अवघड असते. नवे यंत्र मागवले तर ते हाती यायला अलीकडे दोन वर्षे किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात आणि ज्या काळात एकदम अनेक उपकेंद्रे उभी राहिली, त्या काळची यंत्रे एकदमच उताराला लागतात. त्या वेळी सगळ्यांनाच नवी यंत्रे हवी असतात. म्हणून काही चांगली यंत्रेही थोडी आधी निवृत्त करून मागणी पसरवावी लागते. निवृत्त झालेले यंत्र भंगारवाल्याकडे जाण्याआधी जाणत्या कंपन्या वेटोळी उघडून वरच्या, मधल्या आणि खालच्या थरांतून कागदाचे नमुने घेतात आणि साखळ्यांची लांबी प्रत्यक्ष मोजतात. वरचा थर बहुधा सर्वांत जीर्ण निघतो. कित्येकदा कागद अंदाजापेक्षा पुष्कळ धडधाकट सापडतो, क्वचित उलटही घडते, आणि त्या मोजमापावरून मागे राहिलेल्या त्याच बनावटीच्या यंत्रांच्या निवृत्तीच्या तारखा पुढे-मागे सरकवल्या जातात.