बीपी फोनवर आलं, पण बघणार कोण?

मोबाइलवरच्या आरोग्यसेवेचा विषय निघाला की आधी आठवतं ते मनगटावरचं स्मार्ट घड्याळ. जाहिरातीही त्याच्याच असतात. मुंबईत मात्र या तंत्रज्ञानाला खरा वाव आहे तो दोन जुन्या दुखण्यांत: रक्तदाब आणि क्षयरोग. दोन्हींत मोजणं सोपं झालंय. अडतं ते मोजून झाल्यावर.

घड्याळाचं आधी उरकून घेऊ. त्याच्या तळाशी हिरवा दिवा लुकलुकतो. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडीखालचं रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो आणि त्या चढउतारावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. लोकलमध्ये कडी धरून उभं असताना तर डब्याचा हेलकावाच नाडी म्हणून मोजला जाऊ शकतो. ईसीजी देणारी घड्याळं साधारण 30 सेकंदांचा एकाच लीडचा, म्हणजे हृदयाची वीज एकाच कोनातून बघणारा, आलेख काढतात. त्यात ठोक्यांची अनियमितता सापडते, हार्ट अटॅक नाही. त्यासाठी बारा लीडचा ईसीजीच लागतो, तेव्हा छातीत कळ आली की घड्याळाकडे बघत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि सुई न टोचता साखर दाखवणारं घड्याळ किंवा अंगठी कुणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. अशा एकाही उपकरणाला मंजुरी दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्येच दिला होता. दंडावर चिकटवायचे साखरेचे सेन्सर वेगळे. त्यांची बारीक तार कातडीखाली जाते. ते खरे आहेत, पण ते रक्तातली नाही तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतात, त्यामुळे आकडा 5 ते 10 मिनिटं मागे असतो. त्या कुशीवर झोपलं तर दाबामुळे साखर खोटीच कमी दिसते. मुंबईच्या घामात त्यांचा चिकटपणा किती टिकतो, ही आणखी एक डोकेदुखी.

आता रक्तदाब. घरचं डिजिटल मशीन डॉक्टरांसारखा आवाज ऐकत नाही. पट्टा फुगून धमनी दाबतो आणि हवा सुटताना धमनीचे जे हेलकावे पट्ट्यात उमटतात, ते मशीन टिपतं. हेलकावा सगळ्यात मोठा असतो तो सरासरी दाबाच्या जवळ. वरचा आणि खालचा आकडा कंपनीच्या सूत्रानुसार काढलेला असतो. म्हणून ठोके अनियमित असले तर मशीन गडबडतं, आणि ब्लूटूथ तोच गडबडलेला आकडा इमानेइतबारे फोनवर पोचवतं.

चूक बहुतेक वेळा मशीनच्या बाहेर होते. नेहमीचा पट्टा सुमारे 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड जाड असेल तर तोच पट्टा आकडा वाढवून दाखवतो. टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध घेर मोजा, मग मशीन घ्या. दहा बाय दहाच्या खोलीत टेबल नसतं, माणूस पलंगाच्या कडेवर बसतो आणि हात मांडीवर. अमेरिकेत 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मांडीवरच्या हाताने वरचा आकडा सरासरी 4ने आणि खाली सोडलेल्या हाताने 6 ते 7ने वाढलेला दिसला. दोन उशा एकावर एक ठेवून हात छातीच्या पातळीला आणला की काम झालं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, आधी पाच मिनिटं गप्प बसणं, अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवी करून यायचं. सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतराने दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. घरी 135/85 किंवा त्याहून वर सरासरी आली तर डॉक्टरांना दाखवायचं. दवाखान्यातली रेषा 140/90 असते, त्यामुळे इथे अनेकांची गफलत होते.

क्षयरोगात चित्र वेगळं आहे. हातात धरायची एक्स-रे मशीन आता साडेतीन किलोच्या आसपास मिळतात. मुंबईतल्या गोवंडीसारख्या दाट वस्तीच्या गल्लीत शिबिर लावून छातीचा एक्स-रे काढता येतो आणि संगणक तो वाचून टीबीच्या शक्यतेचा गुण देतो. अशा वाचनाला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 वर्षं आणि त्यावरील व्यक्तींसाठी मान्यता दिली. तो गुण म्हणजे निदान नव्हे. जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचे व्रणही गुण वाढवतात, आणि अशा वस्तीत ते बऱ्याच छातींत सापडतात. गुणाची सीमारेषा खाली ठेवली तर थुंकीच्या तपासण्या वाढतात, वर ठेवली तर रुग्ण निसटतात. पक्कं करायला थुंकीतल्या जंतूचे जनुक शोधणारी ट्रूनॅट किंवा सीबीनॅट चाचणी हवीच. गोव्यात बनणारं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं आणि साधारण तासाभरात जंतूचा छडा लावतं. शिबिरातच थुंकी घेतली नाही, 'उद्या दवाखान्यात या' म्हटलं, की माणूस कामावर निघून जातो आणि एवढं सगळं फुकट.

गोळ्या रोज घेतल्या का, हे बघायला भारतात एक झकास युक्ती निघाली: 99डॉट्स. पाकिटातून गोळी काढली की आतल्या बाजूला लपलेला फोन नंबर दिसतो. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. स्मार्टफोन नको, डेटा नको. पुढे मुंबईसह काही शहरांत रुग्णांच्या घरी जाऊन लघवीत औषध आहे का हे तपासलं, तेव्हा कॉल आणि गोळी यांचा मेळ अपेक्षेइतका बसला नाही. गोळी घेऊन कॉल न करणारेही होते. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. घरात फोन एकच, तो मुलगा सकाळी शिफ्टला घेऊन जातो. रिचार्ज संपला की नवं सिम, नवा नंबर.

आकडा आणि तो बघणारा माणूस यांना जोडणाऱ्या याच दोऱ्यावर पुढची वाढ अडलेली आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा 14 आकडी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा डिजिटल आरोग्य क्रमांक, आता अनेक सरकारी दवाखान्यांत चालतो. क्यूआर स्कॅन केलं की केस पेपरची रांग थोडी आखडते. पण सात दिवसांचं बीपी त्यात गेलं तरी ओपीडीतल्या डॉक्टरकडे ते उघडून बघायला वेळ हवा, आणि रात्री अकराला 190 आलेला आकडा कोण बघणार हे आधी ठरलेलं हवं. नाहीतर इशारा वाजतो आणि कुणीच उठत नाही. एखादी सोसायटी किंवा संस्था असा उपक्रम सुरू करत असेल तर ॲपच्या आधी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणत्या आकड्याला फोन जाणार, तो कोण उचलणार, आणि नाही उचलला तर दुसरा कोण. रुग्णाची नोंद करताना दोन नंबर घ्यावेत, आणि दिवसा फोन कुणाच्या खिशात असतो हे विचारून त्याचं नावही पुढे लिहावं.