आधी हुद्द्याची, मग माणसाची: डिग्निटीची मागची गोष्ट

आज मानवी प्रतिष्ठा, म्हणजे इंग्रजीत डिग्निटी, म्हटलं की आपण धरूनच चालतो की ती जन्मासोबत येते, सगळ्यांची सारखी असते आणि कुणी हिरावून घेऊ शकत नाही. मध्ययुगातल्या युरोपात तसं नव्हतं. लॅटिनमधला डिग्निटास हा शब्द आपल्या मानमरातबाच्या जवळचा, बिशपची डिग्निटास, राजाची डिग्निटास, आणि राजा मेला तरी डिग्निटास मरत नाही असं कायदेपंडित सांगायचे, कारण ती गादीची.

पण चर्चमध्ये दुसरंही काहीतरी चालू होतं. देवाने माणूस स्वतःच्या प्रतिरूपात घडवला असं बायबल सांगतं, आणि मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, धर्मगुरू द्राक्षारसात थेंबभर पाणी घालताना जी प्रार्थना म्हणायचे तिच्यातच मानवी प्रकृतीची डिग्निटास देवाने अद्भुत रीतीने घडवली असे शब्द होते. म्हणजे गादी नसलेल्या माणसालाही हा शब्द लागू पडत होता!

आणि तरी 1195 च्या सुमारास लोतारिओ नावाच्या कार्डिनलने, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्याने, जो पुढे 1198 मध्ये पोप इनोसंट तिसरा झाला, माणसाच्या दैन्यावर पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो, झाडं बघा, फुलं-फळं देतात, तेल देतात, दारू देतात, आणि तू काय देतोस तर उवा, लिखा, थुंकी आणि मलमूत्र. प्रस्तावनेत त्याने कबूल केलं होतं की पुढे माणसाच्या प्रतिष्ठेवरही लिहीन, पण ते पुस्तक काही आलं नाही. दैन्याचं मात्र शेकडो हस्तलिखितांतून युरोपभर गेलं.

13व्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने व्यक्ती म्हणजे विवेक असलेली, म्हणून सृष्टीत सगळ्यात श्रेष्ठ गोष्ट असं मांडलं, हे फार मोठं पाऊल होतं. पण तोच पुढे लिहितो की पाप करणारा विवेकाची वाट सोडतो, मानवी प्रतिष्ठेवरून घसरतो आणि पशूंच्या पातळीवर येतो, म्हणून समाजाच्या भल्यासाठी त्याला ठार मारणं योग्य ठरू शकतं. हे वाचताना मला अजूनही कसंतरी होतं, कारण एकदा प्रतिष्ठा गमावता येते असं मान्य केलं की ती कुणी गमावली हे ठरवणारा कुणीतरी लागतोच.

लोतारिओचं राहिलेलं पुस्तक शेवटी दुसऱ्यानेच लिहिलं, अडीचशे वर्षांनी, 1450 च्या दशकात इटलीतल्या फ्लोरेन्स शहरातल्या जानोत्सो मानेत्ती या विद्वानाने. त्याने तो झाडाचा दाखलाच उलटवला, माणसाची फळं म्हणजे उवा आणि थुंकी नव्हेत, त्याच्या बुद्धीची आणि इच्छेची कामं ही खरी फळं, आणि दाखवायला त्याच्याकडे गावातलाच कॅथेड्रलचा घुमट होता, ब्रुनेलेस्की या वास्तुरचनाकाराने खालून लाकडी सांगाडा न लावता उभारलेला.