सुपरहिरोचा स्टीमपंक वेश

विसाव्या शतकातील सुपरहिरोचा परिचित पोशाख व्हिक्टोरियन काळातील (१८३७–१९०१) कापड, चामडे, पितळ व वाफेची यंत्रे यांच्या आधारे नव्याने रचण्याची पद्धत. कॉमिक्स, चित्रकला आणि कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेश स्वतः करून मिरवण्याचा छंद) या तिन्हींत ती आढळते. पात्राची खूण तेवढी कायम ठेवली जाते, उदा., बॅटमॅनचे टोकदार कान किंवा आयर्न मॅनच्या छातीवरचा दिवा.

‘स्टीमपंक’ ही संज्ञा विज्ञानकथालेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये ‘लोकस’ या विज्ञानकथाविषयक मासिकाला पाठवलेल्या पत्रात काहीशा गमतीने सुचवली आणि ती व्हिक्टोरियन पार्श्वभूमीच्या कल्पनारम्य कादंबऱ्यांपुरती होती. सुपरहिरोंच्या वेशात या शैलीचा आरंभ कोठून धरावा, यावर एकमत नाही. सामान्यतः ‘गॉथम बाय गॅसलाइट’ (१९८९, लेखन ब्रायन ऑगस्टिन, चित्रे माइक मिन्योला) या कॉमिक्सकडे बोट दाखवले जाते. त्यात बॅटमॅन १८८९ सालच्या गॉथम या त्याच्या काल्पनिक शहरात लंडनचा कुख्यात खुनी जॅक द रिपर याच्या मागावर आहे. मात्र वेशाला जुने वळण दिले, तरी नायकाचे बळ त्यात कोणत्याही बाष्पयंत्रावर अवलंबून नाही. त्यामुळे हे केवळ गॅसबत्तीच्या काळातले वेशांतर होय, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नायकाची शक्ती यंत्रातून येताना दिसली, तरच वेश स्टीमपंक म्हणावा; टोपीवर दोन दातेरी चाके चिकटवून ते साधत नाही.

मूळ सुपरहिरो-पोशाखाचा एक धागाही एकोणिसाव्या शतकातच जातो. अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख झुल्यावरचा कसरतपटू ज्यूल लेओतार याने रूढ केला. पॅरिसच्या सर्कशीत तो १८५९ मध्ये प्रथम उतरला. सुपरमॅनच्या (१९३८) वेशावर सर्कशीतील पहिलवानांची छाप असल्याचे सामान्यतः मानले जाते. तेव्हा घट्ट कपडे काढून सरसकट ओव्हरकोट चढवण्याची घाई कालदृष्ट्या तरी आवश्यक नाही.

साहित्याच्या निवडीत कालविपर्यास सहज होतो. स्पॅन्डेक्स १९५८ चे, आजच्या स्वरूपाची झिप सुमारे १९१३ ची. म्हणून गुंड्या, हूक आणि नाडीचे काज वापरतात. बॅटमॅनच्या झग्याला मॅकिंटॉशचे रबरी जलरोधक कापड (१८२३) चालते. आयर्न मॅनच्या छातीवर बूर्दोंच्या दाबमापकाची (१८४९) तबकडी बसवता येते. बाष्पक (बॉयलर) पाठीवर घेतात. मग धुराडे कोठून काढायचे, हा प्रश्न उरतोच व पुष्कळ चित्रकार तो टाळतात. संपूर्ण वेश तपकिरी करण्याची रूढी बहुधा जुन्या छायाचित्रांच्या रंगामुळे पडली असावी. रसायनशास्त्रज्ञ पर्किन याच्या १८५६ मधील कृत्रिम जांभळ्या रंगानंतर कृत्रिम रंग वाढत गेले आणि भडक कपडे लोकांच्या अंगावर आले. सुपरमॅनचा लाल-निळा वेश फिका करण्याचे म्हणूनच कारण नाही.

कॉस्प्लेमध्ये पितळ सहसा खरे नसते. ईव्हीए फोम (हलका, लवचीक प्लॅस्टिकचा फोम) कापून गरम हवेने वळवतात, काळ्या रंगाचा हात देतात, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने सोनेरी रंग फिरवतात आणि खाचांत पातळ तपकिरी रंग सोडून लगेच पुसतात. खाचेत राहतो तो मळ वाटतो.

भारताशी या शैलीचा दुवा मुख्यतः पाणबुडीचा कप्तान असलेल्या कॅप्टन नेमो या कादंबरीतील पात्राचा. ज्यूल व्हेर्न यांच्या १८७५ मधील कादंबरीत तो बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कार असल्याचे उघड होते. ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’ (१९९९ पासून) या कॉमिक्समध्ये केव्हिन ओनील यांनी त्याला पगडी-दाढीसह रंगवले आहे.