मेलमधला पार्सल नंबर मेल अ‍ॅपला कळतो कसा?

"जीमेल आपले मेल वाचतं, नाहीतर विमानाचं तिकीट काढल्या काढल्या कॅलेंडरमध्ये कसं येतं?" हा मेसेज फॅमिली ग्रुपवर अधूनमधून फिरतोच, आणि हल्ली त्याला "सगळं एआय आहे बाबा" अशी शेपटी असते. तिकिटाच्या बाबतीत तरी यात एआयचं फारसं काही नाही, कारण बरेचदा एअरलाइनच मेलच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे मेलमागच्या कोडमध्ये, आपल्याला न दिसणारी एक चिठ्ठी टाकते, त्यात फ्लाइट नंबर, वेळ, पीएनआर सगळं ठरलेल्या नावांनी लिहिलेलं असतं. ही नावं स्कीमा डॉट ऑर्ग नावाच्या उपक्रमाची, तो गूगल, बिंग आणि याहूने २०११ मध्ये सुरू केला, आणि जीमेलने २०१३ पासून अशा चिठ्ठ्या घ्यायला सुरुवात केली. (जाहिरातींसाठी मेल चाळणं बंद करतो असं गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलं, तो वेगळा विषय.)

चिठ्ठी नसेल तर मात्र मजकुरात शोधावं लागतं, आणि इथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. झिंब्रा नावाच्या ऑफिसच्या मेल सॉफ्टवेअरमध्ये झिमलेट नावाचे छोटे प्रोग्राम असतात, तारखेवर माउस नेला की त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट दिसतात, आणि ऑफिसचा अ‍ॅडमिन स्वतःचा साचाही देऊ शकतो, म्हणजे आपल्या कंपनीचा पर्चेस ऑर्डर नंबर असा असा दिसतो वगैरे. आउटलुकच्या डेव्हलपरांसाठीच्या माहितीत तर सरळ लिहिलेलं होतं की पत्ता ओळखायला तो साधारण अमेरिकन टपालाच्या पत्त्यासारखा हवा. आता "दत्त मंदिरासमोर, पिठाच्या गिरणीच्या वर" ह्याला कोण ओळखणार!

मला सगळ्यात आवडतो तो पार्सलचा नंबर. आपल्या स्पीड पोस्टचा नंबर जागतिक टपाल संघाच्या एस१० साच्यातला, आधी दोन अक्षरं, मग ९ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं, आपली आय आणि एन. साचा जुळला म्हणून तो पार्सलचाच नंबर असं नाही, चुकून टाइप झालेलाही असू शकतो. पण त्या ९ मधला शेवटचा आकडा आधीच्या ८ वरून काढलेला असतो, तिथेच गंमत आहे.

आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं, आणि बाकी ११ मधून वजा करायची. समजा आकडे १२३४५६७८ आहेत. बेरीज येते २०४, बाकी ६, म्हणजे नववा आकडा ५. आता पहिले दोन आकडे उलटे टाइप झाले, २१३४५६७८, तर बेरीज २०६, बाकी ८, उत्तर ३, पण नंबरात तर ५ आहे, पकडला! ११ का, तर ती मूळ संख्या आहे आणि सगळे गुणक तिच्याहून लहान, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर बेरजेत पडणारा फरक ११ च्या पटीत येऊच शकत नाही, शिवाय गुणक सगळे वेगवेगळे म्हणून अदलाबदलीतही तेच. एक छोटं भोक आहे, उत्तर १० आलं तर ० आणि ११ आलं तर ५ लिहितात, म्हणजे बाकी ० असो की ६, दोन्हीकडे ५ च, तिथे एखादी चूक निसटू शकते. उगाच कुठलेतरी ९ आकडे उचलले तर त्यातले साधारण दहात नऊ ह्या एका गणितानेच बाद होतात. अंकशास्त्रवाले आकड्यांची बेरीज करून तुमचं लग्न कधी होईल ते सांगतात, इथे बेरीज करून निदान पार्सल तरी सापडतं.

यूपीएसच्या अमेरिकन नंबरातही, १ झेडने सुरू होणारी १८ अक्षरं, शेवटचा आकडा असाच तपासणीचा. तारखांना बिचाऱ्यांना अशी काही सोय नाही, ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून आणि अमेरिकेत ६ मे, आणि नुसतं "उद्या" लिहिलं तर मेल कधी आणि कुठल्या टाइमझोनमधून निघाला ते मेलच्या हेडरमधून, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या पाठवल्याच्या नोंदीतून, काढावं लागतं.

आणि मराठीत मेल लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक भानगड. साच्यात "कुठलाही आकडा" हे एका खुणेने लिहितात, पण जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्या खुणेचा अर्थ फक्त इंग्रजी ० ते ९. पायथन या दुसऱ्या भाषेत तीच खूण देवनागरी आकडेही धरते. म्हणजे मोबाइल नंबर देवनागरीत लिहिला तर एका ठिकाणी त्याची लिंक होईल आणि दुसऱ्या ठिकाणी तो नुसता मजकूर म्हणून पडून राहील, नंबर तोच असला तरी.