ईएसआय भरतो, मग मेडिक्लेम कशाला?

भोसरीतल्या गाळ्यांची पगारपत्रकं करताना हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी कानावर पडतो. त्याचा जुळा भाऊही आहे: "सगळ्यांचा मेडिक्लेम काढलाय, आता ईएसआय बंद करू का?" नाही, करता येत नाही. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, सरकारी योजना. कारखान्यात 10 किंवा त्याहून जास्त माणसं असतील, तर महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाचा ईएसआय भरणं हा कायदा आहे. ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे विमा कंपनीकडून सगळ्यांचा मिळून काढलेला आरोग्य विमा, ही तुमची मर्जी. कितीही भारी पॉलिसी घेतली तरी ईएसआय चुकत नाही.

हिशेब तसा सोपा आहे. मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75. म्हणजे 18,000 पगारावर तुमच्या खिशातून 585 आणि त्याच्या पगारातून 135 रुपये. या 720 रुपयांत त्याची बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडीलसुद्धा आले. वय किती, शुगर आहे का, मागच्या वर्षी ऑपरेशन झालं का, कोणी विचारत नाही.

मेडिक्लेममध्ये मात्र सगळं हेच विचारतात. माणसांची वयं आणि गेल्या वर्षीचे क्लेम, यांवर दर ठरतो. एखाद्याच्या वडिलांची बायपास झाली की नूतनीकरणाचं कोटेशन बघून मालक खुर्चीत बसतो. वर 18 टक्के जीएसटी. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला, ग्रुपवरचा तसाच राहिला.

खरा फरक मात्र वेगळाच आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, बस्स. ईएसआय बुडालेला पगारही देतो: आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के, बाळंतपणात 26 आठवडे पूर्ण. प्रेसमध्ये बोट गेलं तर त्याची भरपाईही तिथूनच. त्यामुळे ईएसआयमध्ये असलेल्या कामगारासाठी वेगळी कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी काढायची गरज नसते. तरी कित्येक गाळ्यांत ती सगळ्यांच्या नावानं दरवर्षी निघते, कारण मागच्या वर्षी निघाली होती.

ईएसआयची अडचण तुम्हालाही ठाऊक आहे. आधी दवाखाना, मग चिंचवडच्या मोहननगरचं हॉस्पिटल, मग तिथून पुढची चिठ्ठी. रांग आहे. हव्या त्या हॉस्पिटलात जाऊन कार्ड दाखवलं आणि कॅशलेस झालं, असं होत नाही. म्हणून काही मालक हौसेनं सगळ्यांनाच दोन्ही देतात. ऐपत असेल तर जरूर द्या. पण खर्च कमी करायचा असेल तर यादीच्या मधोमध रेघ मारा.

समजा 22 माणसं आहेत. 16 जण 18,000 वर. त्यांच्यासाठी ईएसआयचा तुमचा वाटा महिन्याला 9,360. उरलेले सहा, म्हणजे सुपरवायझर, डिझाइनवाला, अकाउंटंट वगैरे, 21,000 च्या वर. ईएसआय त्यांना नाहीच. मेडिक्लेम त्यांचा काढा. ग्रुपला साधारण सात माणसं लागतात, तेव्हा मालक स्वतः त्यात बसला की जमतं. आईवडिलांचा प्रीमियम ज्याचा त्याला भरू द्या. पॉलिसी सगळ्यात जास्त फुगते ती तिथेच. क्लेममध्ये 10 टक्के वाटा कर्मचाऱ्याचा ठेवला तर दर उतरतो. रूमभाड्याच्या मर्यादेला मात्र हात लावताना जपून. महागडी खोली घेतली की नुसतं भाडंच नाही, डॉक्टरची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापतात, आणि शिव्या तुम्हाला बसतात.

रेघेवरची माणसं जास्त त्रास देतात. मे महिन्यात एखाद्याचा पगार 20,800 चा 21,500 झाला, तरी त्याचा ईएसआय लगेच थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा एक कालावधी, ऑक्टोबर ते मार्च दुसरा. 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण 21,500 वर भरायचा. इथे कपात थांबवली आणि नंतर चूक सापडली, तर त्या महिन्यांचा कामगाराचा वाटा त्याच्याकडून मागाहून कापता येत नाही. चारही टक्के तुमचे, वर 12 टक्क्यांनी व्याज.

त्या एप्रिल ते सप्टेंबरच्या कालावधीत त्याचे 78 दिवस भरले असतील, तर जानेवारी ते जून त्याला ईएसआयचा लाभ मिळत राहतो. म्हणून काही मालक मेडिक्लेममध्ये नाव जूननंतर टाकतात. कागदावर हिशेब बरोबर आहे. मी मात्र ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात एजंटला नाव कळवायला सांगतो. प्रीमियम उरलेल्या महिन्यांपुरताच लागतो, आणि पगारवाढ मिळालेल्या माणसाला पुन्हा त्याच रांगेत पाठवावं लागत नाही.